आमच्या गल्लीची बल्दिया

आमच्या गल्लीत नगरपालिकेला कुणी नगरपालिका म्हणत नसे. बल्दिया म्हणत. निजाम गेला, त्याचा शब्द तेवढा मागे राहिला, आणि तो वापरायलाही मोठा सोयीचा होता. गटार तुंबलं की 'बल्दिया मेली काय', कामचुकार पोराला 'बल्दियात लागला का रे', आणि टँकर दिसला की 'बल्दिया आली'. माझे वडील त्या टँकरवर पाइप धरायला होते. त्यामुळं गल्लीच्या लेखी बल्दिया म्हणजे तेच, शिव्या खायला ठेवलेला पगारी माणूस.

लातूर जिल्हा नवा झाला आणि आमच्या तालुक्याच्या गावातल्या पुढाऱ्यांच्या अंगात आलं. कचेरीवर मोठी पाटी चढली. अध्यक्षांनी भाषण ठोकलं की पालिका म्हणजे पालन करणारी, गावाची आईच. बल्दिया हा गुलामीचा शब्द, तो टाकून द्या. हा गृहस्थ आमच्या बौद्धवाड्यात मतं मागण्यापुरता यायचा, तेही नाकाला रुमाल लावून. त्या वर्षी पाऊस नव्हता, आड आटले होते आणि या आईला चार-चार दिवस आमची गल्ली आठवत नव्हती.

मी नांदेडच्या कॉलेजातून सुट्टीला आले होते. शेजारची वहिनी पहाटे बाळंत झाली आणि तिच्या घरात तांब्याभर पाणी नव्हतं. आमच्याही नव्हतं. नेमके त्याच दिवशी जिल्ह्याचे मोठे साहेब यायचे होते. दहाच्या सुमारास टँकर आला, पण पुढं मुकादम बसलेला. साहेबांच्या कपड्यांवर धूळ बसू नये म्हणून स्टँडपासून कचेरीपर्यंत रस्त्यावर पाणी मारायचा हुकूम होता.

माय घागर घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिली, मागं गल्लीतल्या बाया. वडील खाली मान घालून रस्ता भिजवत आमच्यासमोर आले. मला त्यांची इतकी लाज वाटली की मी तोंड फिरवलं.

माय आवाज न चढवता म्हणाली, "अवो, तिकडं बाळंतीण पडून हाय. ह्या रस्त्याला कवा लेकरू झालं?"

वडिलांनी पाइप तिच्या घागरीत धरला. मग दुसरीच्या. मुकादम खाली उतरून तोंडाला येईल ते बोलत होता, आणि वडील भांडी भरत होते. टँकर तिथंच रिकामा झाला. साहेब धुळीतून आले आणि धुळीतूनच गेले. त्यांना बहुतेक काही कळलंही नाही.

आठ दिवसांनी घरी कागद आला. वडिलांना वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचला. वर ठळक अक्षरांत नगरपालिका, आणि खाली, पाण्याची नासाडी केल्याबद्दल कामावरून कमी करण्यात येत आहे.

वडिलांनी तेवढी ओळ पुन्हा वाचायला लावली.

"अन् रस्त्यावर मारलं, त्याचं काय लिवलंय?" त्यांनी विचारलं.

मी कागद उलटूनही पाहिला. त्याचं काहीच लिहिलेलं नव्हतं.