हवेत थांबलेलं ओगराळं

पंगतीत बासुंदीचं ओगराळं माझ्या पानापर्यंत येतं आणि हवेतच थांबतं. परवा भाच्याच्या बारशालाही थांबलं. वाढणाऱ्या वहिनींना पलीकडून काकूंनी सांगितलं, "तिला नको, तिला चालत नाही."

मी तिथेच बसले होते.

चातुर्मासात कांदा चालत नाही, उपासाला गहू चालत नाहीत, तसं मला गोड चालत नाही. हे लहानपणापासून ठरवत आले ते दुसरेच.

मी कमरेला लावलेला इन्शुलिन पंप हातात घेतला, वाटीभर बासुंदी आणि दोन पुऱ्यांचा हिशेब त्यात घातला आणि बटण दाबलं. इन्शुलिन घासाच्या थोडं आधी जावं लागतं, नाहीतर जेवणानंतर साखर सुसाट चढते. आपल्या पंगतीत ती सोय आहेच. सगळ्यांचं वाढून होईपर्यंत कुणी पानाला हात लावत नाही. बाकीचे ताटकळतात, माझं तेवढ्यात काम होतं.

कधी अंदाज चुकतो. मग साखर बघायची, चढली असेल तर पंपातून आणखी थोडं इन्शुलिन द्यायचं, उतरली असेल तर काहीतरी गोड खायचं. मीठ तर आचाऱ्याचंही चुकतं, म्हणून कुणी त्याला चुलीपासून उठवत नाही.

"वाढा वहिनी," मी म्हटलं.

"अगं, पण तुला चालतं का?" काकूंनी अखेर मलाच विचारलं.

"आपोआप नाही चालत, काकू. मी चालवते."

ओगराळं खाली आलं. वाटी काठोकाठ भरली, तेव्हा पुरे म्हणून पानावर हात आडवा धरला. तो हात माझा होता.