मामांचं आवतन आणि माझा प्रीॲम्प

सिरसाळ्यात रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे म्हटलं की लोक अजूनही हसतात. हसा बाबांनो. बाजाराच्या दिवशी रिक्षावरच्या भोंग्यातून कुकरच्या सेलची जाहिरात ऐकता ना, ती माझ्याकडचीच. निवडणुकीत दोन्ही पार्ट्यांची प्रचारगीतं मी एकाच खोलीत, एकाच गायकाच्या गळ्यातून काढतो. फक्त वेळा वेगळ्या देतो, म्हणजे दारात त्यांची गाठ पडायला नको. आमचं घराणं आडतीचं. पुढं दुकान, मागं गोडाऊन, आणि गोडाऊनच्या एका कोपऱ्यात भिंतींना फोम ठोकून मी बसलोय. वडील येता-जाता म्हणतात, "तुरीच्या पोत्यांची चांगली जागा घालवली बघ." म्हणू देत. मला या खोलीत जेवढं बरं वाटतं तेवढं कुठंच वाटत नाही.

आणि गेल्या वर्षी प्रीॲम्प आणल्यापासून तर विचारूच नका. माईकमधून निघणारा आवाज फार बारीक असतो. त्याला उचलून धरणारा डबा म्हणजे प्रीॲम्प. माझा जुन्या रेडिओ स्टेशनातल्या यंत्रांच्या धर्तीवर बनवलेला आहे. राखाडी पत्रा, फिरवताना टकटक वाजणारी जाड बटणं, पिवळ्या उजेडात हलणारा काटा, आत वजनदार ट्रान्सफॉर्मर. आवाज त्यातून गेला की अंगाला तेल लावून न्हाल्यासारखा होऊन निघतो. त्याच्याच पोटात नव्या जमान्याचा एक भाग आहे, तो आवाजाचे तिथल्या तिथं आकडे करून कॉम्प्युटरला पाठवतो. जुना भाग सोशिक. थोडं जास्त झालं तरी पोटात घालतो. नव्या भागाला दयामाया नाही. पायली भरली की वरचं सांडणार. लाल दिवा लागला, की तेवढा आवाज कायमचा गेला. मागून कितीही हातपाय आपटले तरी नुसता खरखराट ऐकू येतो.

तर अशा या डब्यासमोर एका सकाळी मामा येऊन बसले. सख्खे मामा नाहीत, गावाचे मामा. गोंधळी. आमच्या भागात कुणाचंही लग्न झालं की कुळाचा गोंधळ घालायला मामाच लागतात. गोंधळाच्या सुरुवातीला ते एकेका गावाचं नाव घेऊन तिथल्या देवाला हाक मारतात, आणि प्रत्येक नावाला लोक "उदो उदो" म्हणतात. या हाकांना मामा आवतन म्हणतात. माईक न लावता त्यांचं आवतन वेशीपलीकडं ऐकू जायचं, हे मी स्वतः ऐकलंय.

मामांच्या घशात गाठ निघाली होती. अंबाजोगाईच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, ऑपरेशन करावंच लागेल, आणि नंतर आवाज राहील की नाही याची खात्री नाही. एकुलत्या एक मुलाचं लग्न ठरलेलं, पण ऑपरेशन आधी होतं. मुलाचं आणि गाण्याचं कधी जमलं नाही. गोंधळ घालायला भाऊबंद आलेच असते, पण मामांना ते नको होतं.

"साऱ्या तालुक्याच्या घरी देव बोलावले म्या," ते म्हणाले. "माज्या घरी दुसऱ्यानं बोलवायचे? न्हाई जमायचं. तू माजा आवाज धरून ठेव."

मला गलबलून आलं. पण गलबलून आलं म्हणून लेव्हल लागत नाही. गाणारा सगळ्यात मोठ्यानं कुठवर जाणार हे आधी कळलं पाहिजे, त्यावर बटणं लावायची असतात. मी म्हटलं, "मामा, आवतनाची एक ओळ म्हणून दाखवा, पूर्ण ताकदीनं."

मामांनी माझ्याकडं असं बघितलं, मी चपला घालून देवघरात शिरलोय जणू.

"अरे येड्या, देवीला उगंच हाक मारत असतेत व्हय? हाक मारली की ती येती. आन् तू म्हणणार, थांब आई, वायर हालली!"

दिवटी पेटल्याशिवाय आवतन नाही, आणि एका दिवसात एकदाच. दुसऱ्यांदा बोलावलं तर पहिल्यांदा आलेल्या देवाचा अपमान. आणि दुसऱ्याच दिवशी मामांना दवाखान्यात भरती व्हायचं होतं. म्हणजे एकच टेक, तोही अंदाजानं.

"मग नुसतं मोठ्यानं ओरडा."

"हॅलो... हॅलो," मामा म्हणाले. लग्नातल्या नव्या नवरीसारखे. काटा जागचा हलला नाही.

"शेतात बैल उधळलाय असं समजा."

"हौ रे," मामा लाजून म्हणाले. पुन्हा तेच.

मी चिडलो. वेशीपलीकडं जाणारा गळा माझ्याच खोलीत येऊन मुका व्हावा! कोपऱ्यात मामी बसल्या होत्या, मामांनी तंबाखू खाऊ नये म्हणून राखण करायला आलेल्या. त्या सगळं बघत होत्या. अगदी शांतपणे पदराशी चाळा करत म्हणाल्या, "कशाला ताणून धरताव त्यास्नी? माज्या भावाला बोलवा. त्याचा गळा ह्यांच्यापेक्षा चांगलाच हाय."

मामींचा भाऊही गोंधळी. धारूरकडचा.

"तुज्या भावाचा?" मामा जागेवरून उठले. "अगं त्याचा आवाज चुलीपासून उंबऱ्यापस्तोर जात न्हाई! त्यो गायला लागला की देवी माघारी जाती, माघारी!"

काटा उजवीकडं जाऊन आपटला, लाल दिवा भडकला. मी भराभर बटण खाली आणलं. टक, टक, टक.

"मामी, अजून बोला!" मी ओरडलो.

मामींना काय, तेवढंच पाहिजे होतं. त्यांनी माहेरचं सगळं गणगोत बाहेर काढलं. मामा गरजत राहिले, मी बटण उतरवत राहिलो, आणि एकदाचा तो लाल दिवा विझला तो विझलाच. लेव्हल लागली! मी मामींना हात जोडले. त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या.

मग पाण्याच्या परातीत ठेवून दिवटी पेटवली. भिंतीला फोम, दिवटीला तेल, माझा जीव टांगणीला. मामांनी डोळे मिटले, तुणतुणं छेडलं आणि तुळजापूरला हाक मारली. काय सांगू! माहूर, अंबाजोगाई, परळीचा वैजनाथ, वाड्या-वस्त्यांवरचे म्हसोबा, सगळ्यांना बोलावलं. प्रत्येक नावानंतर लोकांच्या "उदो"साठी जागा सोडत गेले. काटा डुलत होता, लाल दिवा एकदाही लागला नाही. मी रडलो, अगदी उघड रडलो. मामी मात्र एकदम गप्प झाल्या होत्या. मला वाटलं, उद्याची काळजी असेल.

ऑपरेशन चांगलं झालं. गाठ साधी निघाली. मामांचा जीव राहिला, आवाज गेला. नुसती कुजबुज उरली. जखम भरल्यावर दोघं ऐकायला आले. मामांनी हेडफोन लावला, मान डोलावत शेवटपर्यंत ऐकलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. एवढं समाधान मला कुठल्याच कामानं दिलं नव्हतं.

तेव्हा मामी बोलल्या. "झाक झालंय. पर माज्या माहेरची आई ऱ्हायली."

मामांचा हात पाठीवरच थांबला.

लग्नाचा गोंधळ असला की मामा मामींच्या माहेरची, धारूरच्या डोंगरातली देवी, कधी चुकवत नसत. त्या दिवशी मेव्हण्याच्या नावानं डोकं फिरलेलं, त्या तावात तेवढंच गाव राहून गेलं.

"तवाच सांगायचं ना, मामी!" मी म्हटलं.

"दुसऱ्या दिशी दवाखान्यात जायाचं, अन् कसं सांगू रे लेकरा? घोर लागला असता ह्यांना." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "सून घरात येणार, अन् माजी आईच तेवढी बाहीर."

मामांनी मग त्या दिवसापासून कोपऱ्यातच ठेवलेल्या दिवटीकडं बोट केलं आणि माझ्या कानाशी कुजबुजले, "लाव."

मी दुकानाचं शटर ओढलं, पंखा बंद केला, शेजारच्या गिरणीवाल्याला हात जोडून गिरणी थांबवली. वडिलांना म्हटलं, खोकू नका. ज्या बटणाला त्या दिवशी खाली-खाली आणलं होतं, ते आता वर, पार वर नेलं. हलक्या यंत्रात एवढ्या उंचीवर नुसती सरसर येते. माझा डबा गप्प होता. मामांच्या घोट गिळण्याचा आवाजसुद्धा मला कानात ऐकू येत होता.

दिवटी पेटली. मामा माईकच्या इतके जवळ गेले की मिशा जाळीला लागल्या. त्यांनी डोंगरातल्या त्या आईला हाक मारली. एकदाच.

ती हाक अंबाजोगाई आणि परळीच्या मध्ये जोडली. कॉम्प्युटरवर कुजबुज फुगवून बाकीच्या आवाजाएवढी करता येते. तशी करून बघितली, तर भलत्याच माणसाचा आवाज वाटायला लागला. पुसून टाकली. होती तशीच ठेवली.

लग्नानंतरच्या मंगळवारी दिवेलागणीला मामांच्या अंगणात गोंधळ मांडला. भाऊबंदांनी थोडी कुरकुर केली, मशीनवरचं आवतन कुठं असतं का म्हणून. मामांनी त्यांच्याकडं बघितलंही नाही. स्वतः संबळ गळ्यात अडकवला आणि मला मान हलवून खूण केली.

आवाज सुटला. तुळजापूरला हाक गेली आणि कुरकुर बंद झाली. "उदो उदो!" अंगण दुमदुमलं. माहूर, उदो! अंबाजोगाई, उदो! आणि मग भोंग्यातून ती कुजबुज आली. मामांचे हात संबळावर थांबले. इतका वेळ गळा फाडून ओरडणारी सगळी माणसं आपोआप दबक्या आवाजात "उदो" म्हणाली.

एकट्या मामी उठून उभ्या राहिल्या. मामांकडं बघत, गळ्यात होता नव्हता तेवढा सगळा आवाज लावून म्हणाल्या, "उदो!"