सुभेदारांची तपासणी

जगातली एकही भाजी पसंत न पडलेला माणूस मी एकच पाहिला, आणि ताटली इतकी लख्ख पुसून परत करणाराही तोच. हे आमच्या नेरच्या गल्लीतले सुभेदार. खरं तर पलटणीत ते साधे शिपाई. लंगरात, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरात, कढया सांभाळल्या आणि आईच्या आजारपणासाठी पेन्शन बसण्याआधीच नोकरी सोडून गावी आले. सुभेदारकीची बढती त्यांना गल्लीनं दिली. ती त्यांनी बिनतक्रार स्वीकारली. बाकी कुणाकडून काही स्वीकारणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. नळाला पाणी आलं की ते दारातून "सीधी लाईन!" असं गरजत, आणि बायकांच्या आधी रस्त्यावरच्या म्हशी रांगेत येत. बायको-मुलं कुणी नव्हतं. म्हातारपणी हात कापू लागले, शेतावरची राखण सुटली आणि चूल रोज पेटेनाशी झाली. दुकानदारानं ज्वारीचं पोतं पाठवलं, तर सुभेदारांनी हमालाला सॅल्यूट ठोकला आणि पोतं त्याच्याच पाठीवर चढवून दिलं. म्हणाले, "जवान रेशन मांगून खात नसते."

तोड माझ्या बायकोनं काढली. आलूवांग्याची ताटली घेऊन ती त्यांच्या दारात उभी राहिली. "सुभेदार, घरी पाहुणे येऊन राह्यले. मीठमिरची जमली का, जरा तपासून द्या न!" लंगरात अन्न वाढण्याआधी चाखून पाहत, त्यामुळे हे काम सरकारी ठरलं. सुभेदारांनी सगळी ताटली तपासली. "नापास. मीठ कमी हाये. उद्या पुन्हा दाखवा."

मग साऱ्या गल्लीला तपासणीचा नाद लागला. कुणाचं वरण, कुणाची भाकरी-ठेचा. ब्लँकेट 'थंडीत टिकते का पाहा' म्हणून गेलं. छपरावर नवे टिन 'पावसात फार वाजतात का ऐका' म्हणून ठोकले गेले. सुभेदार सगळं नापास करत. ब्लँकेटचा निकाल तर अजून लागायचा आहे. आपण भोळ्या म्हाताऱ्याला छान गंडवतो आहोत, या समजुतीत गल्ली खूश होती.

यंदा माझी बायको गेली. तेरवी झाली, येणारेजाणारे थांबले, आणि मी चहापुरताही गॅस पेटवणं सोडलं. पुस्तक उघडून एकच पान वाचत बसायचो. एका दुपारी सुभेदार काठी टेकत आमच्या दारात आले. आमच्याकडे ते पहिल्यांदाच येत होते.

"काहून मास्तर, तुमच्या घरून नमुना नाही आला?"

"मला करता येत नाही, सुभेदार."

"मले बसता येते. करा."

मी पिठलं केलं. गाठी झाल्या, खालून लागलं. त्यांनी दोन ताटल्या मांडायला लावल्या आणि मी पहिला घास घेईपर्यंत हात आवरून बसले. मग नेहमीसारखी ताटली पुसून म्हणाले, "पास."

"अहो, करपलंय! आणि तिचं एकदाही पास केलं नाहीत तुम्ही."

त्यांनी रिकामी ताटली माझ्याकडे सरकवली. "बाईचं पास केलं असतं, तर दुसऱ्या दिवशी काय म्हणून आणलं असतं त्यायनं?" मग काठी शोधत उठले. "अन् नव्या रंगरूटाले पयल्याच दिवशी नापास करत नसतात, मास्तर."

दुसऱ्या दिवसापासून मात्र मी रोज नापास होतो आहे. वरणात हिंग जास्त, भाकरीचा काठ कच्चा. दुपारी दोन ताटल्या मांडतो आणि गल्लीत काठीचा आवाज येतो का, ते ऐकत थांबतो. अलीकडे तो आवाज जरा उशिरा येतो. आल्यावर सुभेदार सगळं संपवतात, तोंड वाकडं करतात आणि उद्या पुन्हा दाखवा म्हणतात. त्यांनी आता कधीच पास म्हणू नये, एवढंच वाटतं.