उभे ताणे, आडवी पेटी

माझ्या सासऱ्यांनी घरात कोळी पाळला होता. जळमटातला साधा नव्हे. तळहाताएवढा, काळपट, अंगभर केस, आणि चालायला लागला की बघणाऱ्यानं दोन पावलं मागे सरावं असा. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, तुम्ही घरात राहू कसा दिलात? मी कोण राहू देणारी! सुरतेतल्या लिंबायतच्या त्या दीड खोलीत मी तेव्हा नवी सून होते, आणि सासऱ्यांशी एक शब्दही बोलायची मला मुभा नव्हती.

आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. म्हणजे त्यांच्यामागे म्हणायचं, समोर नाहीच. ते आले की पदर डोक्यावरून पार हनुवटीपर्यंत ओढायचा, चहाचा कप ठेवायचा आणि मागे सरायचं. फारच अडलं तर सासूबाईंकडून निरोप, नाहीतर हंड्याकडे तोंड करून म्हणायचं, "पाणी संपलं वाटतं आज." ज्याला ऐकायचं त्यानं ऐकावं. खान्देशात, माझ्या माहेरी, माझी आई याच युक्तीनं संसार हाकत होती. इथे पंचाईत अशी की मामांना ऐकूच यायचं नाही. तीस वर्षं लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, खडखडाटात उभं राहून त्यांचे कान कामातून गेले होते. मी हंड्याशी बोलायची आणि हंडाच ऐकायचा.

कान गेले तरी लूमवर चालून जातं, तिथे कुणालाच काही ऐकू येत नसतं. पण पुढे मामांची जवळची नजर गेली. दोन हातांवरचं लख्ख दिसायचं, नाकासमोरची तुटलेली तार, म्हणजे धागा, दिसायची नाही, चष्म्यानंही नाही. कापड खराब निघायला लागलं आणि त्यांना घरी बसवलं. सुरतेत लूमवरच्या माणसाला कारीगर म्हणतात. तीस वर्षं 'ए कारीगर' अशी हाक असलेला माणूस खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसायला लागला. दिवसभरात एकच वाक्य बोलायचे, मला गावी सोडा. गावात काय होतं? घर पडलेलं, भाऊबंद पांगलेले. तिथे एकटे गेले तर ते फार दिवस काढणार नाहीत हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. माझे यजमान आज-उद्या करत टाळत होते, एवढंच.

अशात शेजाऱ्यांनी खोली वाढवायला पाया खणायला घेतला आणि तिसऱ्या फावड्याला हा प्राणी मातीतून बाहेर आला. एकच गलका झाला. प्लेग येऊन गेल्याला वर्षही झालं नव्हतं, गल्लीत उंदीर काय, पाल दिसली तरी लोकांची पाचावर धारण बसायची. समोरची गुजरातण करोळियो, करोळियो, म्हणजे कोळी कोळी, करत ओट्यावर चढली. दोघांनी चपला काढल्या. तेवढ्यात मामा उठले, गेले आणि स्वतःचा जुना टिफिनचा डबा त्याच्यावर उपडा घातला. म्हणाले, मारू नका, हा पण कारीगर आहे, विणून खातो.

घरी आल्यावर सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मग भांडण झालं, म्हणजे त्या भांडल्या आणि मामा भिंतीकडे तोंड करून बसले. शेवटी यजमानांनी त्यांच्यासमोर बसून तोड काढली. पक्की पेटी झाली तर कोळी राहील, नाहीतर उद्या सकाळी खाडीत. मामांनी मान डोलावली आणि आपली अट घातली. "हा इथं जगला तर मीही इथंच राहीन. मेला तर त्याच दिवशी मला गाडीत बसवून द्यायचं."

म्हणजे आता त्या किड्याच्या जिवावर आमचं म्हातारं माणूस टांगलेलं. मला रडू यावं की राग, कळेना.

दुसऱ्या दिवशी मामांनी भंगारातून एक काचेची पेटी आणली. साडीच्या दुकानात पुतळी उभी करतात तसली, माझ्या छातीपर्यंत उंच, पुढे काचेचं दार. एक काच तडकलेली होती, ती माझ्याच गोंदानं चिकटवली. मी घरी साड्यांवर खडे चिकटवायचं काम करत असे, गोंद घरात कायम. छताला बारीक जाळी ठोकली, दाराला कडी लावली. मग मामांनी आतमध्ये जे केलं ते सुरतेतल्या विणकराशिवाय जगात कुणाला सुचलं नसतं. पिवळ्या धाग्याची कांडी घेतली आणि तळापासून छतापर्यंत बोटाबोटाच्या अंतरानं धागे ताणून बांधले. नजर नव्हती, नुसत्या बोटांनी, आणि एक धागा ढिला नाही. संध्याकाळी लेकाला दाखवून म्हणाले, उभा ताणा मी दिलाय, आता आडवा बाणा त्यानं टाकायचा.

इतक्या महिन्यांनी ते हसले. यजमान हसले, सासूबाईसुद्धा हसल्या. पदराआड माझा जीव मात्र खालीवर होत होता.

कारण हा कोळी मला ओळखीचा होता. माहेरी बांधावर असली बिळं असायची, तोंडाशी पांढरं मऊ अस्तर लावलेली. गवताची काडी आत घातली की हा काडी धरायचा आणि आम्ही पोरी किंचाळत पळायचो. हा जाळं करून लटकणारा नाहीच. मातीत राहणारा, खाली राहणारा. त्याला उंच पेटीत ताणा दिला म्हणजे मरायलाच दिला.

आणि तसंच व्हायला लागलं. अंधारं, मऊ बीळ मिळेना म्हणून तो बिचारा धाग्यांवरून वर वर चढायचा, जाळीपर्यंत जायचा आणि पाय सुटून खाली पडायचा. मी साडीवर खडे लावत बसलेली असायची आणि धप्पकन आवाज यायचा. त्याचं पोट पिकलेल्या बोरासारखं, एकदा फुटलं की संपलं. मामांना आवाज येत नव्हता, त्यांना वाटायचं तो काम करतोय. मी यजमानांना सांगितलं, ते म्हणाले, तुला काय कळतं त्यातलं. सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, तीस वर्षं विणलेल्या माणसाला आता तू विणकाम शिकवणार का? मी हंड्याला सांगितलं. दोनदा सांगितलं.

एके दिवशी सकाळपासून तिसऱ्यांदा धप्प झालं तेव्हा माझं डोकंच फिरलं. मामा दाढी करायला बाहेर गेले होते. मी कोळ्याला डब्यात कोंडून बाहेर काढलं आणि शेजाऱ्यांनी पाया खणून काढलेली माती घमेल्यानं आणून पेटीत ओतली. चार घमेली. ती दाबली, लाटण्यानं तिरपं भोक पाडलं, त्यावर फुटक्या माठाचा तुकडा ठेवला आणि डबा आत उघडला. कोळी बराच वेळ हलला नाही. मग एकेक पाय टाकत भोकापाशी गेला आणि आत शिरला.

मामा परत आले. पेटीकडे बघितलं, मग माझ्या नखांतल्या मातीकडे. मी पदर आणखी पुढे ओढला आणि आता काय होणार म्हणून देव आठवले. ते खाटेवर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी कात्री घेतली आणि आपला सगळा ताणा स्वतःच्या हातानं, एकेक धागा करून कापून टाकला. तो कापताना त्यांचं तोंड मला बघवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी कोळ्याला डब्यात घेतलं आणि उभी पेटी चक्क आडवी केली. दार झालं झाकण, उंची राहिली गुडघ्याइतकी. आणखी दोन पोती माती आणून वीतभर थर दिला. मी बाटलीच्या झाकणात पाणी ठेवलं. ते कलंडू नये म्हणून त्यांनी बाजूला दगड लावला. मी एका कोपऱ्यातली माती ओली ठेवायची, दुसरा कोपरा त्यांनी कोरडा राखला, म्हणजे कोळ्याला जिथे बरं वाटेल तिथे त्यानं बसावं. आठ दिवस हे चाललं होतं. आम्ही दोघांनी मिळून एक घर बांधलं आणि एकमेकांशी चकार शब्द बोललो नाही. माझ्या लग्नानंतर माझं म्हणणं कुणी इतकं मनावर घेतलं नव्हतं, हे आज सांगायला लाज कसली?

मग चार महिने सुखाचे गेले. मामा गल्लीभर झुरळं पकडत हिंडायचे. फवारणीवाले आले की पेटी पोत्यानं झाकून कोळ्याला डब्यातून गच्चीवर न्यायचे. चपला काढणारेच लोक आता पाहुण्यांना घेऊन दाखवायला यायचे. खाट भिंतीकडून वळून पेटीकडे झाली होती. गावी सोडा हे वाक्य घरात ऐकू येईनासं झालं.

होळी झाली आणि कोळ्यानं खाणं सोडलं. झुरळ अंगावर चढलं तरी हा ढिम्म. बिळाचं तोंड बंद करून घेतलं. पंधरा-वीस दिवस मामाही नीट जेवले नाहीत. मग एका सकाळी तो बाहेर येऊन उताणा पडलेला दिसला, आठही पाय वर.

मामा दुपारपर्यंत नुसते बघत बसले. त्यानंतर उठले, खुंटीवरची पिशवी काढली आणि तिच्यात दोन धोतरं, सदरे, अडकित्ता भरला. यजमान पाळीवर, सासूबाई बाजारात. मधे निरोप न्यायला घरात कुणी नाही. मामांनी चुलीजवळचा चिमटा आणि तोच टिफिनचा डबा घेतला आणि पेटीचं झाकण उचललं. त्याला उचलून मातीत पुरायचं आणि स्टेशन गाठायचं, हे मला न सांगता कळलं.

मी लांबून बघत होते. आयुष्यभर घर झाडलेली बाई मी, मेलेले कोळी किती सुपं भरून टाकले असतील. मेलेला कोळी मूठ मिटतो. सगळे पाय पोटाशी घेतो. याचे पाय उघडे होते, पसरलेले. आणि मला नदीवरचा खेकडा आठवला, जुनं कवच सोडताना असाच निपचित पडलेला, ज्याला माझ्या भावानं काठी लावली आणि तो खरंच मेला.

चिमटा खाली चालला होता. मी धावत समोर गेले आणि ओरडले, माहेरच्या बोलीत, छातीत होतं नव्हतं तेवढ्या आवाजात.

"मामा, थांबा! तो मरेल नही शे. जित्ता शे." मेला नाही, जिवंत आहे.

गल्लीतली दारं उघडली. गुजरातण ओट्यावर आली. साऱ्या लिंबायतला ऐकू गेलं असेल, एक मामा सोडून. पण धावताना माझा पदर खांद्यावर पडला होता. मामांनी मान वर केली आणि दीड वर्षात पहिल्यांदा माझा चेहरा बघितला. चेहराही नाही, ते माझ्या ओठांकडे बघत होते. म्हणाले, परत सांग. मी परत सांगितलं, हळू. त्यांनी चिमटा बाजूला ठेवला.

"काय करानं?" त्यांनी विचारलं. काय करायचं, मला विचारलं!

मी म्हटलं, काही नाही, हात लावायचा नाही, बसून राहायचं. आम्ही पेटीच्या दोन बाजूंना बसलो. तासाभरानं त्याच्या अंगाची वरची टोपी सुटली. मग एकेक पाय, मोज्यातून काढावा तसा, जुन्या पायातून ओढत ओढत तो बाहेर आला. ओला, फिकट, नवा कोरा. बाजूला त्याचीच पोकळ कात पडलेली. मामा रडत होते आणि त्यांना ते लपवायचंही नव्हतं. मीही रडले.

सासूबाई पिशव्या घेऊन दारात आल्या तेव्हा सून उघड्या तोंडानं सासऱ्यांसमोर मांडी घालून बोलत होती. चार-पाच दिवस त्याला खायला घालू नका, अंग कोवळं आहे, असं काहीतरी. त्यांचं तोंड उघडायच्या आत मामाच बोलले.

"लूमवर आम्ही कानांनी ऐकत नाही, ओठ बघतो. हिचा पदर हलताना मला रोज दिसायचा. बोलते आहे एवढं कळायचं, काय ते कळायचं नाही. आजपासून हिच्या तोंडावर पदर नको."

मग त्यांनी पिशवी उघडली आणि धोतरं परत खुंटीला लावली.

मामा त्यानंतर नऊ वर्षं आमच्यात होते, आणि कोळीही बरीच वर्षं; तो गेला तेव्हा मामांनी गाडीचं नावही काढलं नाही. मी बालवाडीत शिकवायला लागले ते मामांनीच घरात हट्ट धरला म्हणून. माझं सगळं पुढचं आयुष्य त्या आडव्या पेटीपाशी सुरू झालं, त्या माणसाचे उपकार मी कुठे फेडू? पोरांना गोष्ट सांगताना माझे ओठ गरजेपेक्षा जास्त हलतात म्हणून बालवाडीतल्या बायका मला हसतात. हसू देत. माझं बोलणं बघायला समोर कुणीतरी बसलंय, असं मला अजून वाटतं.