हजारावरचा एक पुडा

मे महिन्यात वाळत्या तेंदूपानांचा वास आला की मी पुन्हा अकरा वर्षांची होते. कुरखेड्याजवळच्या आमच्या गावात तेरा जणींनी मिळून सत्तर-सत्तर पानांचे हजार पुडे बांधले होते. सारखे वाटायचं काम माझ्याकडे आलं. प्रत्येकीला शहात्तर दिले, तर बारा उरले. बायांचे आवाज चढले, माझे डोळे भरले.

"काऊन रडून राह्यली? हजारावर शगुनाचा एक चढवलाच नाई आपण," आत्या म्हणाली आणि तिनं सावकाश आणखी एक पुडा बांधला.

सगळ्यांना सत्त्याहत्तर आले. अंगणभर हसू पसरलं.

आता शाळेत मी फळ्यावर त्या सगळ्या पुड्यांतल्या पानांची संख्या लिहिते: सत्तर हजार सत्तर. सातनं, अकरानं, तेरानंही पूर्ण भाग जातो.

"बाई, हे कोणी शोधलं?" मुलं विचारतात.

शाळेत कधीच न गेलेल्या आत्याचं नाव मी सांगते.