स्नो आणि सुण्णा

कानडी काकूंना साधा राग आला की त्या कानडीत बोलायच्या, आणि खरा राग आला की मराठीत. माहेर बैलहोंगलकडचं, त्यामुळं कानडी ही त्यांची मायेची भाषा. त्या भाषेतली शिवी आम्हा पोरांना लागतच नसे. पण काकू मराठीत आल्या की आमच्या शहापुरातल्या घरातले माग थांबायचे. असं का करता म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "शिवी कुणाला बसूलालीया ते त्याला कळाय नको?"

त्या माझ्या धाकट्या चुलत्यांची बायको. आमचं सगळं घर लुगडी विणणारं, आणि रंगवून आलेलं सूत पारखायचं काम काकूंचं. सुताला पाण्याचा हात लावायचा, पांढऱ्या चिंधीवर घासायचं आणि चिंधी खुंटीला अडकवून ठेवायची. चिंधी डागाळली नाही तरच ते सूत मागावर चढायचं. रंगाऱ्यानं कितीही आणाभाका घेतल्या तरी त्यांचं उत्तर ठरलेलं, "रंगाचं खरं दुसऱ्या दिवशी कळतंय." आमचे वडील घाई करायचे, गिऱ्हाईक खोळंबलंय म्हणायचे. काकू कानडीत काहीतरी पुटपुटायच्या आणि चिंधी काही खुंटीवरून काढायच्या नाहीत.

माझ्या तोंडाची कातडी लहानपणापासून फार नाजूक. वारा लागला तरी लाल, साय लावली तरी पुरळ. कुंकवानं कपाळ चिघळायचं म्हणून काकू मला चंदन उगाळून बारीक टिकली लावायच्या. शेजारच्या बायका म्हणायच्या, एवढं काय त्या पोरीचं कौतुक. काकूंचा तिथं साधा राग सुरू व्हायचा.

माझं लग्नाचं वय झालं आणि निपाणीचं एक स्थळ आलं. तंबाखूची वखार, दुमजली घर, मुलगा एकुलता. मुलाची आई मला बघायला आली. तिनं माझी हनुवटी दोन बोटांनी वर केली, उजेडाकडं वळवली आणि वडलांकडं बघून म्हणाली, "नाकीडोळी बरी हाय. रंग तेवढा दबका." मी तिथंच बसलेली होते. बाजारात वांगं उलटंपालटं करून बघतात तसं मला बघितलं आणि माझ्या घरातल्या एकाही माणसाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला आता नातसुना आहेत, तरी ती दोन बोटं आठवली की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

मग मध्यस्थाच्या हाती निपाणीहून एक बरणी आली. पांढऱ्या काचेची, पत्र्याच्या झाकणाची. आत तोंडाला लावायचा पांढरा स्नो. तेव्हा आमच्या गल्लीत स्नो कुणाकडं नव्हता. निरोप असा, की हे मुलीच्या तोंडाला रोज लावा, उजळली की पुढची बोलणी करू. आई हरखली. म्हणाली, आत्तापासनं सुनेचं एवढं बघतात. वडील म्हणाले, लाव मग. मला कुणी विचारलं नाही.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला तो आवडला. आईनं बोटाच्या टोकावर घेऊन माझ्या गालावर टेकवला. गार. लोण्यासारखा चिकट नाही, तेलासारखा ओघळत नाही. पसरला की कुठं गेला ते कळतसुद्धा नव्हतं. तोंडावर काही लावलंय असं वाटतच नव्हतं, नुसता गुलाबाचा वास. मी पुन्हा पुन्हा गालाला हात लावून बघत होते.

काकू तेव्हा मागच्या खोलीत मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणत होत्या. आई दारातून शेजारणीला मोठ्यानं सांगत होती, पोरीच्या तोंडाला स्नो लावलाय म्हणून. मागाच्या खटखटीत काकूंना ऐकू आलं, सुण्णा लावलाय. कानडीत सुण्णा म्हणजे चुना, कातडी भाजणारा. काकू खड्ड्यातनं उठल्या, दिव्याच्या तेलाची बुधली उचलली आणि धावत येऊन सगळी माझ्या तोंडावर ओतली. पदरानं खसाखसा पुसत ओरडू लागल्या, "यारु हच्चिदरु सुण्णा?" कुणी लावला चुना? शेजारीण हसून हसून उंबऱ्यावर बसली. आईनं बरणी दाखवली आणि म्हणाली, "अगं येडे, स्नो हाय, स्नो. गोरं करतंय."

काकूंनी बरणी हातात घेतली, वास घेतला, झाकण लावून खाली ठेवली. आणि मराठीत म्हणाल्या, "मग मी बराबर ऐकलं."

त्या दिवसापासून त्या मुद्दामच त्याला सुण्णा म्हणायला लागल्या. आईनं बरणी काढली की विचारायच्या, भिंत कोरडी झाली का, दुसरा हात मारायचा काय. पण टोमणे मारून त्या थांबल्या नाहीत. सुताला लावायचा तोच न्याय त्यांनी मला लावला. आईची पाठ वळल्यावर माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला थोडा स्नो चोळला, वर चिंधी बांधली आणि हे धुवायचं नाही म्हणून बजावलं. दुसऱ्या दिवशी चिंधी सोडली तर खाली रुपयाएवढा लाल चट्टा. काकूंनी माझा हात धरून मला आईपुढं उभं केलं.

"आक्का, हे बघा. पोरीला सोसत न्हाय."

आई म्हणाली, हाताची कातडी वेगळी नि तोंडाची वेगळी. आणि एवढं चांगलं स्थळ काय परत येणार आहे का. काकूंनी वडलांना चट्टा दाखवला. वडलांनी मान वर न करता सांगितलं, बायकांच्या गोष्टी बायकांनी बघाव्यात. आईनं बरणी उघडली.

पुढं व्हायचं तेच झालं. गाल तापले, सुजले, डोळ्यांखाली कातडीचे पापुद्रे निघाले. हसलं तरी आग व्हायची. आई म्हणायची, आतला काळेपणा बाहेर पडतोय, सोस जरा. बरणी सरत आली आणि निपाणीचे लोक आले. आईला मला पावडर फासून मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसवायचं होतं. काकूंनी माझा हात धरला, होतं तसं तोंड घेऊन मला सोप्यात, थेट उजेडात आणून बसवलं आणि ती रिकामी बरणी मुलाच्या आईपुढं ठेवली.

"सुण्णा भिंतीला लावतात. भिंतच बघायची असली तर भाईर जाऊन बघा, दोन्ही अंगांनी लावलाया. ही पोरगी हाय."

ती बाई उठली. जाताना वडलांना म्हणाली, आधी घरातल्या बायका आवरा. वडलांनी तिच्यापुढं हात जोडले. ते मी सुजल्या डोळ्यांनी बघितलं. माझ्या तोंडाची आग ज्यांच्यामुळं झाली त्यांच्यापुढं हात जोडले, आणि ज्यांनी ती थांबवली त्यांना त्याच संध्याकाळी वेगळं निघायला सांगितलं. काका गरीब माणूस, भावापुढं शब्द काढला नाही. काकूंनी आपला माग सोडवला, गाडीवर घातला आणि वडगावात बिऱ्हाड केलं. माझ्या तोंडाला त्यांनी लावून ठेवलेलं चंदन आईनं पुसून टाकलं. काकूंचं नाव घरात काढायची बंदी झाली.

तोंड बरं झालं, कानाशेजारी डाग तेवढे राहिले. पुढं सांबऱ्याच्या शेतकरी घरात माझं ठरलं. सासूबाईंनी डाग बघितले आणि एवढंच विचारलं, आता दुखत नाही ना. लग्नाचं आवतण साऱ्या गल्लीला गेलं. वडगावला गेलं नाही.

हळदीच्या दिवशी मी पाटावर बसले होते. बायका वाट्या घेऊन उभ्या होत्या, पहिली बाई माझ्या गालाकडं वाकली, आणि तिच्या माझ्या मध्ये काकू येऊन बसल्या. कधी आल्या, कोणत्या दारानं आल्या, कुणाला कळलं नाही. आवाज चढवला नाही, कुणाकडं बघितलंही नाही.

"तोंडाला न्हाय. पायाला लावा."

ती बाई थबकली, मग तिनं पायाला हळद लावली. दुसरी आली, तिलाही तेच. तिसरी आली, तिलाही तेच. प्रत्येकीला काकूंनी तेच सांगितलं, आणि ते मोडायची एकीचीही हिंमत झाली नाही. शेवटी आई आली. तिनं माझ्या कानाशेजारचे डाग बघितले, काकूंकडं बघितलं आणि खाली बसून माझ्या पावलांना हळद लावली. मी नवरी झाले ती गुडघ्यांपर्यंत पिवळी आणि तोंडानं होते तशी.

सगळ्या बायकांचं लावून झाल्यावर काकू उठल्या. माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघाल्या. आत पंगत बसत होती, जिलबीचा वास येत होता. जेवून जा म्हणायला घरातलं एकही माणूस उठलं नाही. मी उठणार होते, तर चार बायकांनी मला खांद्याला धरून खाली दाबलं. हळद लागलेल्या मुलीनं पाटावरून उठायचं नसतं म्हणे.

लग्नानंतरच्या माझ्या पहिल्या दिवाळीआधी काकू गेल्या. तापाचं निमित्त झालं. मला निरोप उशिरा आला. हळदीच्या दिवशी त्या आमच्या दारातून उपाशी गेल्या त्याचा राग मला अजून आहे, आणि तो मी कुणासाठीही सोडणार नाही.