रिकाम्या खोल्यांतले दिवे

मिस व्हर्नेल पिकेट यांना डेट्रॉइटच्या डाउनटाउनमध्ये राहायचं होतं. एवढंच. आर्डेल बिल्डिंगच्या सातव्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या घरात, जिथून नदी दिसते आणि नदीपलीकडचा कॅनडा दिसतो, तिथं त्यांना शेवटपर्यंत राहायचं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण हल्ली त्यांच्याबद्दल जो तो बोलतो. डेट्रॉइट पुन्हा कसं उभं राहिलं यावर कुणीतरी एक चकचकीत फिल्म काढलीय. तिच्यात मिस व्हर्नेल क्षणभर दिसतात, हसताना. नाव नाही, गाव नाही. त्या हसल्या म्हणजे खूश आहेत, असं लोकांना वाटतं. त्या का हसल्या ते मला विचारा. कॅमेरावाल्याच्या पँटची चेन उघडी होती.

मूळच्या त्या अलाबामाच्या. वडील मोटारींच्या कारखान्यात लागले तेव्हा आईच्या कडेवर बसून इकडे आल्या. तरुणपणी वुडवर्ड रस्त्यावरच्या एका मोठ्या दुकानात तयार कपडे गिऱ्हाइकाच्या मापात बसवून द्यायचं काम केलं. तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय तिथली. दुकान बंद पडलं, टाचण्या गेल्या, पण ओठांच्या कोपऱ्यातून बोलणं तसंच राहिलं. नंतर शाळेच्या स्वयंपाकघरात होत्या. आमच्याकडे लग्न झालेल्या वडीलधाऱ्या बाईलाही मानानं 'मिस'च म्हणतात. नवरा गेला तेव्हा शहराच्या पूर्वेकडचं त्यांचं घर कुणी फुकटातही घेईना. त्याला कुलूप लावून त्या आर्डेलमध्ये राहायला आल्या.

लोक म्हणाले, बाईला वेड लागलंय. त्या काळी ऑफिसं सुटली की डाउनटाउनमध्ये चिटपाखरू नसायचं. रस्त्याखालच्या पाइपांतली वाफ झाकणांमधून वर यायची आणि तिच्यातून चालत जायला माणूस नसायचा. ज्यांना जमलं ते शहराच्या हद्दीवरच्या एट माइल रस्त्यापलीकडे, उपनगरांत पळाले. आता त्यांचीच नातवंडं परत येतात आणि आम्हाला विचारतात, "तुम्ही इथं कधीपासून?"

आर्डेलमध्ये घरं पुष्कळ, माणसं बोटांवर मोजण्याइतकी. आणि आमच्या शहरात रिकामं घर म्हणजे मेलेलं घर. चोर भिंती फोडून तांब्याचे पाइप काढून नेतात. पाणी सुटतं, थंडीत गोठतं, बर्फ वितळेपर्यंत इमारतीचं भुसकट झालेलं असतं. नाहीतर कुणीतरी काडी लावतं. म्हणून आमच्या गल्ल्यांत एक रीत पडून गेली होती. शेजारी घर सोडून गेला की त्याचं घर माणसांत ठेवायचं. त्याच्या दारात आपली गाडी लावायची. त्याचं गवत कापायचं. बर्फ पडला की त्याच्या पायऱ्यांवरून उगाच चालून यायचं, म्हणजे पावलं दिसतात. कुणी सांगितलं नव्हतं, पण सगळे करायचे.

मिस व्हर्नेलनी ती रीत उचलून सात मजल्यांच्या बिल्डिंगला लावली. जुना मालक फ्लोरिडात ऊन खात बसलेला. किल्ल्यांचा जुडगा त्यानं त्यांच्याकडे टाकला होता. चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीतून त्यांनी टेबलावरचे दिवे जमवले. पडदे स्वतः शिवले. लिफ्ट बंद, तेव्हा रोज अंधार पडायच्या आधी जिन्यानं खाली-वर. एका खोलीत दिवा, दुसरीत रेडिओ, तिसऱ्या खोलीतला पडदा अर्धा उघडा.

"रोज त्याच खिडकीत दिवा लावला तर चोराला कळतं," त्यांनी मला सांगितलं होतं. "माणसं कशी राहतात? कधी दिवा विसरतात, कधी लवकर झोपतात. तसं राहावं लागतं. सगळ्या घरांच्या वतीनं."

खालच्या मजल्यावर क्लिओफस ब्रँटली राहायचे. कारखान्यातून रिटायर, गुडघे कामातून गेलेले, जीभ मात्र शाबूत. ते दारात खुर्ची टाकून बसायचे आणि मिस व्हर्नेल जिना उतरल्या की सुरू व्हायचे.

"काय मिस व्हर्नेल, पाचव्या मजल्यावरची मंडळी काल फार जागली. पार्टी होती वाटतं?"

"होती."

"आम्हाला नाही बोलावलं?"

"तुम्ही खाता फार."

हसा खुशाल. पण आजूबाजूच्या इमारती एकेक करून सोलल्या गेल्या आणि आर्डेलचा एक पाइप हलला नाही. आज कंपनीच्या जाहिरातीत 'मूळ संगमरवर, मूळ पितळी नळ' असं लिहितात ना, ते कुणामुळे राहिलं ते लिहीत नाहीत.

मग डाउनटाउनला भाव आला. स्टेडियम झालं, ट्राम आली, कुत्र्यांच्या बिस्किटांचं दुकानसुद्धा आलं. जुना मालक वारला, त्याच्या मुलांनी बिल्डिंग विकली. नव्या कंपनीची पहिली माणसं आली तीच मुळी पांढरी हेल्मेटं घालून. मिस व्हर्नेलनी त्यांना रताळ्याचा पाय, आमच्याकडचा भट्टीत भाजलेला गोड पदार्थ, खाऊ घातला. मला समजलं तेव्हा मी चिडले.

"तुमच्या घरावर उठलेत ते, आणि तुम्ही त्यांना पाय खाऊ घालता?"

"भुकेले होते. तुझ्यासाठी ठेवलाय थोडा. आधी खा, मग भांड."

मी आर्डेलमधली नाही, शहरातल्या भाडेकरूंची संघटना चालवते. कॉलेज बघितलेलं नाही. घरभाड्याचा कायदा मी कोर्टाच्या मागच्या बाकावर बसून शिकले, हरणाऱ्या लोकांना बघत. त्यामुळे कंपनी कोर्टात गेली तेव्हा तिचा डाव मला लगेच दिसला. कंपनीचं म्हणणं असं, की आर्डेलमध्ये घुसखोर भरलेत. भाडेकरू कागदावर चारच, आणि संध्याकाळी खिडक्या बघाव्यात तर बिल्डिंग उजळलेली! त्यांच्या माणसानं समोरच्या पार्किंगच्या इमारतीच्या गच्चीवरून खिडक्यांचे फोटो काढले होते. इमारत धोक्याची, वस्ती बेकायदा, सगळ्यांना ताबडतोब बाहेर काढा. आणि खरा कोण, घुसखोर कोण हे निवडत बसायचं नसल्यामुळे परत यायचा हक्क कुणालाच नको.

म्हणजे बघा. ज्या दिव्यांनी बिल्डिंग वाचवली, तेच दिवे दाखवून मिस व्हर्नेलना घराबाहेर काढायचं.

चर्चच्या तळघरात आम्ही बसलो. तळलेला मासा होता, कोबीचं सॅलड होतं, आणि भाडेकरू मिळून चार. मी उभी राहून सांगितलं, "दिव्यांबद्दल कुणी तोंड उघडायचं नाही. त्या खोल्यांत भाडेकरूच राहतात. जुन्या मालकाशी तोंडी बोलणं झालं होतं, आणि तोंडी करार आपल्याकडे चालतो. भरलेली बिल्डिंग रिकामी करायला कोर्ट कचरतं."

"म्हणजे खोटं बोलायचं," मिस व्हर्नेल म्हणाल्या.

"गप्प बसायचं म्हणतेय मी."

"पाचव्या मजल्यावरच्या मंडळींना साक्षीला बोलावलं तर?" क्लिओफस म्हणाले. "मी जातो. टोपी घालून पाचवा, टोपी काढून सहावा."

सगळे हसले. मिस व्हर्नेल हसल्या नाहीत. खोटं होतं का? होतं. समोरचे काय बायबल वाचत बसले होते? मला त्यांचं घर वाचवायचं होतं आणि माझ्याकडे तेवढं एकच हत्यार होतं. आमची वकीलबाई, फुकटात लढणारी, तिला मी काही सांगितलंच नाही. मिस व्हर्नेलना साक्षीला उभं करायचं नाही, असं मात्र बजावलं होतं.

पण कंपनीच्या वकिलानं त्यांनाच बोलावलं. हॅव्हरकँप नावाचा माणूस, आवाज एकदम गोड. मिस व्हर्नेल रविवारची जांभळी टोपी घालून आल्या होत्या. हात वर केला, शपथ घेतली. त्यानं फोटो दाखवला.

"ही पाचव्या मजल्यावरची खिडकी. इथं कोण राहतं, मॅडम?"

मी बाकावर मुठी आवळून बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"कुणी नाही."

"मग दिवा?"

"मी लावला."

"आणि ही खिडकी?"

"तीही मीच. तो पडदा जरा तिरका झालाय. घाईत शिवला होता."

कोर्टात हशा पिकला. जज्जबाईंनी चष्मा काढला. "मिस पिकेट, रिकाम्या खोल्यांत दिवे का लावता तुम्ही?"

तेव्हा मिस व्हर्नेलनी तोंडाच्या कोपऱ्यातून सगळं सांगितलं. तांबं चोरणारे, गोठलेलं पाणी, जळालेली घरं, पूर्वेकडच्या गल्लीत त्यांची आई शेजाऱ्याच्या अंगणातला बर्फ कसा काढायची ते. कोर्टात मागं बसलेल्या त्यांच्या वयाच्या बायका माना डोलवत होत्या. सगळ्यांनीच केलं होतं ते कधी ना कधी. जज्जबाईंच्या डोळ्यांत काहीतरी हललं, असं मला वाटलं. त्याही इथल्याच.

पण हॅव्हरकँप काही हरला नव्हता. त्यानं लगेच पाऊल बदललं. "घुसखोर नाहीत, मान्य. म्हणजे मग बिल्डिंग रिकामीच आहे, माननीय न्यायाधीश. चार माणसांसाठी एवढी मोठी दुरुस्ती अडवून धरायची का?"

जज्जबाईंनी दोघांनाही थोडं थोडं दिलं, असं म्हणतात त्याला. घुसखोरीचा आरोप खोटा. पण दुरुस्तीसाठी बिल्डिंग खाली करायची. चौघांना आपापल्या घरी परत यायचा हक्क, जुन्याच भाड्यात.

बाहेर पायऱ्यांवर मी त्यांच्यावर ओरडले. भर रस्त्यात. "एवढं गप्प बसता आलं नाही तुम्हाला?"

"मी हात वर केला होता, जोनेटा."

"हात वर करून घर घालवलंत!"

"माझं घर आहे ना? मग मला घालवू दे." त्यांनी टोपी नीट केली. "आणि आवाज खाली कर. लोक म्हणतील या दोघी भांडतायत."

"भांडतोच आहोत आपण!"

"तू भांडतेयस. मी बसची वाट बघतेय."

चारच महिन्यांत परत येता येईल, असं कंपनी म्हणाली होती. दोन वर्षं गेली. मिस व्हर्नेल शहराबाहेर, वॉरनला भाचीकडे राहिल्या, तिच्या तळघरात, जिथं खिडकी म्हणजे गवताच्या उंचीची एक फट. चर्चला यायला दोन बस बदलायच्या. आधी दर रविवारी यायच्या, मग एकाआड एक, मग सणाला. क्लिओफस कंपनीकडून पैसे घेऊन मुलाकडे जॉर्जियाला गेले. जाताना मला म्हणाले, "पोरी, मला तिकडं कुणी चिडवायला नाही, पण गुडघ्यांना थंडी नाही." उरलेल्या दोघींपैकी एक वारली, एक विसरून गेली की ती कुठं राहत होती. मी मात्र सोडलं नाही. दर महिन्याला कंपनीच्या ऑफिसात जाऊन बसायचे. रिसेप्शनवरची मुलगी मला बघून पाणी आणून ठेवायची, इतकी मी तिथली झाले.

शेवटी बोलावणं आलं. मी मिस व्हर्नेलना वॉरनहून गाडीतून घेऊन आले. आर्डेल ओळखू येत नव्हतं. लिफ्ट चालू होती, तिचा आवाजसुद्धा येत नव्हता. मॅनेजर म्हणून एक केल्सी नावाची मुलगी होती, तोंड भरून हसणारी.

आम्ही सातव्या मजल्यावर गेलो. कोपऱ्यातल्या घराच्या भिंतीच नव्हत्या. शेजारचं घर त्यात मिळवून मोठा हॉल केला होता. कोच, कॉफीचं मशीन, भिंतीवर जुन्या डेट्रॉइटचे फोटो. नदी मात्र तशीच समोर.

"हा सगळ्या रहिवाशांसाठी आहे," केल्सी म्हणाली. "तुम्हीही कधीही येऊन बसू शकता! तुमचं घर दुसऱ्या मजल्यावर ठेवलंय."

दुसऱ्या मजल्यावरचं घर मागच्या गल्लीकडे होतं. खिडकीसमोर दुसऱ्या एका पार्किंगच्या इमारतीची भिंत, तोंडावर आल्यासारखी. खाली कचऱ्याचे डबे. माझं डोकं फिरलं. केल्सीला मी जे बोलले ते इथं छापण्यासारखं नाही. ती बिचारी रडायला लागली, पगारी माणूस.

ती बाहेर गेल्यावर मी मिस व्हर्नेलना म्हणाले, "किल्ली घेऊ नका. आपण परत कोर्टात जाऊ. जज्जबाईंनी तुमचं घर परत द्यायला सांगितलं होतं, हे भलतंच आहे. या वेळी आपण जिंकणार. लिहून देते."

"किती दिवस लागतील?"

मी खिडकीची कडी उगाच लावून बघितली.

"जोनेटा. किती?"

"वर्ष. फार तर दीड."

त्या रिकाम्या खोलीत बसायला काही नव्हतं. त्या खिडकीच्या कट्ट्यावर टेकल्या. "म्हणजे आणखी दीड वर्ष त्या तळघरात."

"त्यांना हेच हवंय. तुम्ही दमून जावं हेच हवंय त्यांना."

"मग मिळालं त्यांना. दमलेय मी." त्यांनी गुडघ्यावर हात फिरवला. "तू काय म्हणतेस, तू दमेपर्यंत मी दमायचं नाही?"

"तुम्ही हे घेतलंत तर पुढच्या बिल्डिंगमध्ये ते सगळ्याच म्हाताऱ्यांना गल्लीकडे ढकलतील. सांगतील, बघा, मिस पिकेटनी तर काही हरकत घेतली नाही."

"पुढच्या बिल्डिंगशी तू भांड. चांगली भांडतेस. इथून चर्च चालत जाण्याजोगं आहे, मला तेवढं पुरे."

"आणि नदी?"

"नदी वरच्या हॉलमध्ये आहे म्हणाली ना ती मुलगी. जाऊन बसेन एखादवेळी. कॉफी फुकट असेल."

मला रडू आवरेना, आणि रडणं मला जमत नाही, म्हणून मी आणखी थोडं ओरडले. त्यांनी ऐकून घेतलं. मग केल्सीला हाक मारून किल्ली मागितली.

त्याच आठवड्यात आम्ही सामान आणलं. सामान म्हणजे काय, एक कॉट, एक आरामखुर्ची, स्वयंपाकाची भांडी, टोप्यांचे डबे. खुर्ची दारातून जाईना, तिचा पाय काढावा लागला आणि मग तो पुन्हा बसेना. तशीच एका बाजूला कलंडलेली भिंतीला टेकवून ठेवली. मी पडदा लावू लागले तर त्या म्हणाल्या, राहू दे, भिंतच आहे समोर, कुणाला दिसणार आहे. मी पुढच्या सुनावणीचं, नव्या बिल्डिंगच्या मोर्चाचं काहीतरी बोलत होते, पण मिस व्हर्नेल कॉटवर आडव्या होऊन झोपल्या होत्या, कोट अंगात तसाच, बूट पायात तसेच. खाली गल्लीत कचऱ्याची गाडी मागं येत किंचाळत होती. तरी त्यांची झोप मोडली नाही.